सायकल विकायला काढण्याआधी

पन्नाशीच्या पुढची कितीतरी माणसं सायकल सोडतात, ती दम लागतो म्हणून नाही. पाय साथ देतात, छातीही साथ देते, पण कंबर नको म्हणते. सोसायटीच्या फाटकाशी एक गतिरोधक, चौकाच्या अलीकडे पांढऱ्या रंबलरच्या पट्ट्या, पुढे खचलेले पेव्हर ब्लॉक आणि त्यापुढे पाइप टाकून अर्धवट बुजवलेली चारी. प्रत्येक हादरा सीटमधून माकडहाडाला लागतो आणि मणक्यातून मानेपर्यंत जातो. काही महिने माणूस सोसतो, मग ‘आता वय झालं’ अशी स्वतःची समजूत घालून सायकल जिन्याखाली लावून टाकतो.

अशा सगळ्यांना माझी विनंती आहे, की सायकल इतक्यात विकू नका. त्या त्रासाचा बराचसा भाग वयामुळे नसतो, सायकलीच्या मांडणीमुळे असतो. मांडणी बदलता येते. सीट ज्या दांड्यावर बसवलेली असते तो सीटपोस्ट काढून त्याच्या जागी शॉकअप असलेला पोस्ट बसवता येतो. काम अर्ध्या तासाचं आहे. मात्र कुठला पोस्ट घ्यायचा आणि तो कसा लावायचा हे समजून घेतलं नाही, तर पैसे जातात आणि हादरे तसेच राहतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सीटखाली स्प्रिंग ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आजोबांच्या काळ्या सायकलीला रुंद चामड्याची सीट असायची आणि तिच्या मागच्या बाजूला दोन जाड स्प्रिंगा. खडीच्या रस्त्यावरून कॅरिअरला पोतं बांधून जाणाऱ्या माणसाला त्यांची गरज होती. गिअरच्या सायकली आल्या तशा सीटा अरुंद झाल्या, स्प्रिंगा गेल्या, फ्रेमच्या नळ्या जाड आणि ताठ झाल्या. पुढे दुकानांत पुढच्या चाकाला शॉकअप असलेली सायकल ‘आरामदायी’ म्हणून विकली जाऊ लागली. आता विचार करा, हँडल उंच ठेवून ताठ बसणाऱ्याच्या अंगाचा बहुतेक भार सीटवर, म्हणजे मागच्या चाकाजवळ असतो आणि शॉकअप मात्र हातांखाली. मनगटांना थोडा आराम मिळतो, कंबरेला काहीच मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून स्वस्तातली ‘डबल शॉकअप’ सायकल घेऊ नका. ती जड असते, तिचा मागचा सांधा लवकर खुळखुळू लागतो आणि पेडलवर घातलेला जोर थोडा त्या स्प्रिंगमध्येच मुरतो. साधी, मजबूत फ्रेम आणि सीटखाली चांगला पोस्ट ही जोडी मला शहरातल्या माणसासाठी कितीतरी शहाणपणाची वाटते.

पण पोस्ट घ्यायला निघण्याआधी चाकं बघा. हवेचं टायर हाच सायकलीचा पहिला शॉकअप आहे. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचं टायर बनवलं आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून हादरा जिरवण्याचं सगळ्यात मोठं काम टायरच करत आलं आहे. आपण मात्र पंपाने अंगठा रुतेनासा होईपर्यंत हवा भरतो आणि त्या टायरला काम करूच देत नाही. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो. रोज तेवढी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. साठ-सत्तर किलोचा माणूस, ३८ ते ४० मिलिमीटर रुंदीचं टायर आणि शहरातला रस्ता असेल, तर मागे साधारण ४५ ते ५० आणि पुढे ४० ते ४५ पीएसआय हवा पुरते. टायरवर किमान आकडाही छापलेला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका, नाहीतर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन्ही बाजूंनी भोक पडतं. काटा असलेला पंप घरी ठेवा. अंगठ्याच्या अंदाजाने ३५ आणि ६५ यांतला फरकही बऱ्याच जणांना कळत नाही. आणि फ्रेममध्ये जागा असेल तर पुढच्या वेळी टायर बदलताना एक माप रुंद घ्या.

मग सीट. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हावा, इतपत उंची ठेवायची. यापेक्षा उंच ठेवली तर पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि दुखते. खाली ठेवली तर गुडघे कुरकुरतात, शिवाय पायांवर भार कमी पडून सगळं वजन बुडाखाली येतं. सीट सपाट हवी. पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, तर तो सीटच्या रुंदीचा, आकाराचा आणि कलाचा प्रश्न आहे. तो कुठल्याही शॉकअपने सुटत नाही. सीटवर जाड जेलचं कव्हर चढवू नका. बसण्याची दोन हाडं त्यात रुततात आणि मधला भाग उलट वर येऊन टोचतो. पायात कळ उतरत असेल, मणक्याचा जुना आजार असेल किंवा नुकतं माकडहाडावर पडला असाल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि सायकल चालवायची परवानगी त्यांच्याकडूनच घ्या.

आणखी एक सवय फुकटची आहे. खड्डा किंवा गतिरोधक दिसला की पेडल मारणं थांबवा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर आणा, गुडघे किंचित वाकवून सीटवरून बोटभर उठा. पाय हा हादरा सहज पेलतात. तरुण, तंदुरुस्त माणसाला टायरची योग्य हवा आणि ही सवय एवढं पुरतं. त्याने पोस्टवर पैसे घालू नयेत.

पण सगळ्यांना उठता येत नाही. ज्याचे गुडघे झिजले आहेत त्याला दर शंभर पावलांवर उठबस जमत नाही. रात्री खड्डा दिसतच नाही, आणि पावसाळ्यात पाणी साचलं की दिवसाही दिसत नाही. टँडम सायकलवर मागे बसणाऱ्याला तर समोर चालकाची पाठ सोडून काही दिसत नाही. पुण्याची ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन’ ही संस्था दृष्टिहीन आणि डोळस सायकलस्वारांना अशा जोडसायकलींवर एकत्र आणते. तिथे पुढचा चालक ‘खड्डा’ म्हणून ओरडेपर्यंत चाक खड्ड्यात गेलेलं असू शकतं. अशा मागच्या सीटखाली शॉकअपचा पोस्ट असलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ई-सायकलवाल्यांचंही तसंच आहे. मोटारीमुळे वेग वाढतो, सायकल जड असते आणि पेडलवर जोर कमी द्यावा लागत असल्याने माणूस सीटवर निवांत बसून राहतो. साहजिकच हादरा जास्त लागतो.

आता पोस्टकडे येऊ. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात.

पहिला नळीत नळी असलेला. बाहेरच्या नळीत स्प्रिंग किंवा रबरासारख्या इलास्टोमरचे तुकडे असतात, सीट धरणारी आतली नळी त्यावर खाली-वर होते. हा सगळ्यात स्वस्त, दिसायला साध्या दांड्यासारखा आणि सगळ्या दुकानांत मिळणारा. त्याची अडचण त्याच्या मांडणीतच आहे. सायकलीची सीटची नळी उभी नसते, मागे कललेली असते, जमिनीशी साधारण ७३ अंशांत. माणसाचं वजन सरळ खाली पडतं आणि आतली नळी मात्र तिरकी सरकायला हवी असते. त्यामुळे ती बाहेरच्या नळीच्या भिंतीला घासून अडते. मोठा खड्डा आला की जोराने सुटते आणि दबते. पण पेव्हर ब्लॉकची सततची थरथर, खडबडीत डांबराची कुरकुर यांना ती दाद देत नाही. माणूस जितका वजनदार आणि दांडा जितका बाहेर काढलेला, तितकं हे घासणं जास्त. काही महिन्यांनी सीटचं नाक डावी-उजवीकडे किंचित हलू लागतं. तरीही रोज चार-पाच किलोमीटर बाजारहाट करणाऱ्याला, हलक्या वजनाच्या माणसाला किंवा ‘आधी करून तर बघू’ म्हणणाऱ्याला हा प्रकार चालेल. नीट ग्रीस राखलं तर तो कामाला येतो.

दुसरा प्रकार चौकटीचा. यात दांड्याच्या डोक्याशी दोन समांतर पट्ट्या असतात, त्यांच्या चारही टोकांना सांधे असतात आणि वरच्या बाजूला सीट. झोपाळ्याची पाटी कड्यांवर पुढे-मागे होताना जशी सपाटच राहते, तशी ही सीट हादऱ्यासरशी मागे आणि खाली जाते, पण तिचा कल बदलत नाही. यात दोन फायदे आहेत. सांधे फिरतात, घासत नाहीत, म्हणून बारीक थरथरही स्प्रिंगपर्यंत पोचते. आणि सीट मागे सरकत खाली जाते म्हणून तिचं पेडलपासूनचं अंतर फारसं बदलत नाही. नळीच्या पोस्टमध्ये सीट सरळ पेडलकडे येते, त्यामुळे प्रत्येक हादऱ्याला पायाची लय थोडी मोडते. केन क्रीक कंपनीचा थडबस्टर, सनटूरचा एनसीएक्स आणि रेडशिफ्टचा शॉकस्टॉप ही या प्रकारातली जगभर चालणारी नावं. एनसीएक्समध्ये सीट सुमारे ५० मिलिमीटर दबते, शॉकस्टॉपमध्ये ३५. आकडा मोठा म्हणजे आराम जास्त असं सरळ गणित मांडू नका. शहरातल्या रस्त्याला ३५ ते ५० मिलिमीटर भरपूर आहे. त्यापुढचे पोस्ट जंगलातल्या दगडधोंड्यांच्या वाटेसाठी असतात.

तिसरा प्रकार लवणाऱ्या दांड्याचा. त्यात सांधा नसतो, स्प्रिंग नसते. कार्बनचा दांडा किंवा एकमेकांना लागून बसवलेल्या दोन कार्बनच्या पट्ट्या स्वतःच लवतात. कॅन्यन आणि एर्गॉन या कंपन्यांचे असे दुहेरी पट्ट्यांचे पोस्ट प्रसिद्ध आहेत. ते हलके असतात, त्यांना देखभाल जवळजवळ लागत नाही, पण खोल खड्ड्याचा धक्का ते अर्धवटच अडवतात. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांत संपवणाऱ्या, पुढे ३०० आणि ४०० ची स्वप्नं बघणाऱ्या रोड सायकलवाल्यांसाठी ते उत्तम. आपल्या कंबरेची काळजी असलेल्या, भाजी आणि नातवाची वह्या-पुस्तकं आणायला सायकल काढणाऱ्या माणसाने त्यावर पैसे घालू नयेत.

किमतीबद्दल थोडक्यात सांगतो. नळीचा पोस्ट सामान्य माणसाच्या आवाक्यात येतो, चौकटीच्या पोस्टला काही हजार लागतात आणि परदेशी नावाजलेले पोस्ट घेतले तर तेवढ्यात एक साधी नवी सायकल येते. रोज तासभर सायकल चालवणाऱ्याने चौकटीचा, स्प्रिंग बदलता येणारा मधल्या किमतीचा पोस्ट घ्यावा, हा माझा सल्ला. साध्या दांड्यापेक्षा तो २५० ते ५०० ग्रॅम जड असेल. त्याची चिंता करू नका. भरलेली पाण्याची बाटली त्याहून जड असते.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानात नेमका तोच कोणी सांगत नाही. पोस्टचं नाव काय यापेक्षा त्यातली स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे का, हे आधी विचारा. पेटीत बहुधा एकच स्प्रिंग येते, मध्यम वजनाची. पन्नास-बावन्न किलोची बाई त्यावर बसली तर ती स्प्रिंग जागची हलत नाही. तिला वाटतं, शॉकअपच्या पोस्टमध्ये काही तथ्य नाही. पंच्याण्णव किलोचा माणूस बसला तर तीच स्प्रिंग नुसत्या बसण्यानेच दबून जाते, हादऱ्यासाठी जागाच उरत नाही, आणि प्रत्येक खड्ड्याला तळाशी ‘ठण’ असा आवाज येतो. त्यालाही वाटतं, पैसे वाया गेले. दोघांनाही पोस्ट बरोबरच मिळालेला असतो, स्प्रिंग चुकीची असते. चांगल्या कंपन्या मऊ, मध्यम आणि कडक अशा वेगवेगळ्या स्प्रिंगा किंवा इलास्टोमर विकतात आणि कोणत्या वजनाला कोणती, याचा तक्ता देतात. तक्त्यात आपलं वजन बघताना कपडे, बूट आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅग धरून बघा. वजन दोन गटांच्या सीमेवर येत असेल, तर ताठ बसणाऱ्याने कडक स्प्रिंग घ्यावी आणि पुढे वाकून चालवणाऱ्याने मऊ, कारण वाकलेल्या माणसाचा बराच भार हातांवर जातो. ज्या विक्रेत्याला ‘याची मऊ स्प्रिंग मिळेल का?’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून पोस्ट घेऊ नका.

बहुतेक पोस्टच्या खालच्या तोंडाशी ॲलन कीने फिरणारा एक स्क्रू असतो. तो आवळला की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. अनेकांची समजूत अशी, की हा स्क्रू फिरवून कुठल्याही वजनाला पोस्ट जुळवता येतो. तसं होत नाही. स्क्रूमुळे स्प्रिंग कधी दबायला लागेल एवढंच बदलतं, तिचा मूळचा कडकपणा तोच राहतो. मऊ स्प्रिंग करकचून आवळली तर बारीक हादऱ्याला ती अडून बसते आणि मोठ्या हादऱ्याला पार तळाला जाते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. स्क्रू बारीक जुळवणीसाठी आहे, मोठा फरक स्प्रिंग बदलूनच पडतो. आणि तो स्क्रू सैल करताना नळीच्या तोंडाबाहेर येऊ देऊ नका. तो बाहेर डोकावत असेल तर आट्यांची पकड कमी झाली असं समजा.

जुळवणी घरीच करता येते, फक्त मदतीला एक माणूस लागतो. सायकल भिंतीला टेकवून सीटच्या खालच्या दांडीपासून फ्रेमवरच्या एखाद्या ठरलेल्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग नेहमीच्या कपड्यांत, नेहमीसारखे सीटवर बसा, पाय पेडलवर, हात हँडलवर. मदतनीसाने तेच अंतर पुन्हा मोजावं. एकूण जेवढं दबू शकतं त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास सीट खाली गेली पाहिजे, म्हणजे ५० मिलिमीटरच्या पोस्टमध्ये साधारण १० मिलिमीटर. कमी गेली तर स्क्रू थोडा सैल करा, जास्त गेली तर थोडा आवळा. स्क्रू पूर्ण आवळूनही सीट फार खाली जात असेल तर कडक स्प्रिंग आणा. मग ओळखीच्या गतिरोधकावरून बसल्या बसल्या, नेहमीच्या वेगाने जाऊन बघा. सीट दबायला हवी, पण तळाला आपटायला नको. सपाट रस्त्यावर पेडल मारताना सतत वर-खाली होत असाल, तर स्प्रिंग मऊ आहे किंवा तुम्ही फार जड गिअरमध्ये, जोर लावून पेडल मारत आहात. गिअर हलका करून बघा, अनेकदा तेवढ्यानेच थांबतं.

आता मापांचं. इथे घाई केलेल्यांना दुकानात दुसरी फेरी चुकत नाही. सध्याचा दांडा फ्रेममधून पूर्ण बाहेर काढा. खालच्या भागात बहुधा व्यासाचा आकडा कोरलेला असतो: २५.४, २७.२, २८.६, ३०.४, ३०.९, ३१.६ यांपैकी काही. पुसला गेला असेल तर मिस्त्रीकडून व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या. पट्टीने मोजू नका, ३०.४ आणि ३०.९ यांतला फरक पट्टीवर दिसत नाही. नवा पोस्ट व्यासाने मोठा असेल तर तो बसणारच नाही, आणि फ्रेमची नळी आतून घासून मोठी करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडून नकार द्या. लहान असेल तर मधे बसवायची शिम नावाची अॅल्युमिनियमची नळी मिळते. २७.२ चा पोस्ट योग्य शिम घालून बहुतेक मोठ्या फ्रेममध्ये चालतो. काही ठिकाणी शिमच्या जागी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून देतात. तो स्वीकारू नका. पत्रा सरकतो, पोस्ट हळूहळू खाली बसतो, आणि मग तो घट्ट करण्यासाठी आवळलेल्या क्लिपने फ्रेमला तडा जाऊ शकतो.

व्यासाइतकंच महत्त्वाचं माप उंचीचं, आणि ते हमखास विसरलं जातं. फ्रेमची नळी संपते तिथपासून सीटच्या खालच्या आडव्या दांड्यांपर्यंत किती अंतर आहे? चौकटीच्या पोस्टला त्याच्या डोक्यासाठी इथे साधारण १० ते १५ सेंटीमीटर मोकळी जागा लागते. नेमका आकडा कंपनी देते. आपल्याकडे मध्यम मापाची सायकल सगळ्यांच्या गळ्यात मारली जाते, त्यामुळे बुटक्या माणसांची आणि बऱ्याच स्त्रियांची सीट आधीच फ्रेमला टेकायला आलेली असते. तिथे हा पोस्ट बसवला तर सीट इतकी उंच होते, की पाय जमिनीला पोचत नाहीत. अशांनी पोस्टचा हट्ट सोडून स्प्रिंगवाली चांगली सीट घ्यावी. तिला वेगळी उंची फारशी लागत नाही. फ्रेमच्या नळीत आतून बाटलीच्या स्टँडचे बोल्ट डोकावत असतील तर लांब पोस्ट तिथे अडतो, म्हणून खाली किती खोल जाऊ शकतो हेही एकदा काठी घालून मोजा. काही ई-सायकलींत बॅटरी सीटच्या दांड्यात असते. तिथे हा विषयच संपला. चपट्या किंवा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दांड्यांना गोल पोस्ट चालत नाही. आणि जुनी काळी सायकल असेल तर तिच्या सीटची क्लिप वेगळी असते. तिला स्प्रिंगवाली सीट आहेच, तीच दुरुस्त करून घ्या.

ओझ्याचंही बघा. मूल बसवायची सीट किंवा दांड्याला आवळायचं कॅरिअर शॉकअपच्या पोस्टवर कधीही लावू नका. हलणाऱ्या सांध्याशी मुलाची बोटं जाऊ शकतात. सीटखालची मोठी बॅगही चौकटीला घासते, ती हँडलला किंवा मागच्या कॅरिअरला हलवा. पेटीवर कमाल वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. आणि लहान मुलांच्या सायकलीला असा पोस्ट घेऊ नका, त्यांच्या वजनाला त्यातली स्प्रिंग दबतच नाही.

बसवताना जुन्या सीटची उंची पेडलच्या मधल्या दांड्यापासून मोजून लिहून ठेवा. नवी सीट त्यापेक्षा साधारण एक सेंटीमीटर वर ठेवा, कारण बसल्यावर ती तेवढी खाली येणार आहे. चौकटीच्या पोस्टमध्ये ती थोडी मागेही जाते, म्हणून सीट दोन-चार मिलिमीटर पुढे सरकवा. पोस्टवर कोरलेली किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे. ती बाहेर दिसत असताना सायकल चालवू नका, मग उंची पुरो वा न पुरो. बोल्टवर किती न्यूटन-मीटर आवळायचं हे लिहिलेलं असतं, मिस्त्रीकडे टॉर्कचा पाना असेल तर त्यानेच आवळून घ्या. पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, नव्या जोडणीत ते थोडे बसतात.

आपला पाऊस या पोस्टचा खरा वैरी. मागच्या चाकावरून उडणारा चिखल थेट सांध्यांवर येतो. मागे पूर्ण लांबीचा मडगार्ड लावा आणि मिळत असेल तर पोस्टवर चढवायचं कापडी आवरण घ्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर पोस्ट फ्रेममधून बाहेर काढून पुसा, नळीत साचलेलं पाणी काढा, ग्रीस लावा आणि मग परत बसवा. अॅल्युमिनियमचा पोस्ट पोलादी फ्रेममध्ये ओलाव्यासकट वर्षानुवर्षं तसाच राहिला तर तो आतच जाम होतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बनसाठीची पेस्ट वापरा. सांध्यांवर जोरदार पाण्याचा फवारा मारू नका, ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे.

शेवटची विनंती सायकलच्या दुकानदारांना. तुम्ही आमच्या वजनाचा, उंचीचा अंदाज एका नजरेत घेता, हे आम्हाला माहीत आहे. दुकानात शॉकअपचा एक चौकटीचा पोस्ट, त्याच्या मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन स्प्रिंगा आणि दोन-तीन मापांच्या शिमा चाचणीसाठी ठेवा. कंबर धरून आलेल्या गिऱ्हाइकाच्या सायकलीला तो लावून द्या आणि त्याला बाहेरच्या रस्त्यावर, त्या गतिरोधकावरून, अर्धा तास चालवू द्या. अनामत रक्कम ठेवून घ्या, सायकलचा फोटो काढून घ्या, काहीही करा, पण बसून बघितल्याशिवाय विकू नका. आणि गिऱ्हाइकाचा जुना दांडा भंगारात टाकू नका, कागदात गुंडाळून त्याच्या हातात द्या. पुढे कधी पोस्ट दुरुस्तीला गेला, तर त्या आठवड्यात सायकल बंद पडायला नको.